वायर नीट खोचलीये ना?

...आणि तो पंप मुका नाहीये हो, आगाऊ आहे आगाऊ! तुम्हाला सांगतो, सव्वीस वर्षं प्रयोगशाळेत काढली मी, काचेच्या नळीची चावी या दोन बोटांत धरून ॲसिड थेंब थेंब सोडलं, कधी एक थेंब जास्त पडला नाही, आणि सोमवारी मोठे साहेब टेबलावर एक डबा आदळून म्हणतात, "आता थेंब हा पंप सोडणार, पंपाला कॉम्प्युटर हुकूम देणार, आणि कॉम्प्युटरला तुम्ही. गुरुवारी पाहुणे येतायत बघायला. जमलं तर ठीक, नाहीतर तळघरातल्या भांडारात तुमच्यासाठी जागा आहेच." जागा! तिथं फुटके फ्लास्क आणि ओल आलेल्या भिंती, मी मावणार कुठं?

बरं, करायचं काय, तर यूएसबीची वायर, एक टोक पंपात, दुसरं कॉम्प्युटरात. पडद्यावर चौकट येते, तिच्यात 'स्टार्ट' लिहायचं, 'पाठवा' दाबायचं, की पंप सुरू. लिहिलं. दाबलं. पंप ढिम्म! साहेबांकडे गेलो, तर कागदातून मान वर न काढता, "वायर नीट खोचलीये ना?"

अहो, खोचलीये! तरी काढली, पुन्हा खोचली, तर पडद्यावर 'पोर्ट सापडलं नाही'. झाली का पंचाईत? कॉम्प्युटर विभागातल्या बाईंना बोलावलं. त्या चष्मा कपाळावर सरकवून नाकातनं म्हणतात, "काऽऽका, तुम्ही शेजारच्या भोकात घातलीत. मघाशी पोर्ट तीन होतं, आता चार झालं." म्हणजे खुर्ची बदलली की माणसाचं नाव बदलायचं? "आणि वेग किती ठेवलाय?" कसला वेग, टेबलावरच तर बसलाय तो! तर म्हणे, दोघांचा बोलण्याचा वेग सारखा लागतो, नाहीतर एकाचं दुसऱ्याला कळत नाही. आमच्या घरात लग्नापासून जे जमलं नाही, ते या डब्याला हवंय! ठेवला बाबा, नऊ हजार सहाशे. लिहिलं स्टार्ट. ढिम्म! आणि बाईंनी जाता जाता दारातून काय विचारावं? "वायर नीट खोचलीये ना?"

उजाडला गुरुवार. चार पाहुणे, हात पाठीमागे, पोटं पुढं. मी लिहितोय स्टार्ट, स्टार्ट, स्टार्ट, एकदा तर 'प्लीज स्टार्ट'सुद्धा लिहिलं... डबा हूं की चूं करेल तर शपथ! त्यातल्या एका पाहुण्यानं खाकरून, "वायर नीट..." "खोचलीये!" मी ओरडलोच. खोटं कशाला बोलू, घाबरलो होतो हो. थेंब सोडण्याशिवाय मला दुसरं येतं काय?

आणि तेवढ्यात दिसलं. चौकटीखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत: 'ओळीचा शेवट: काही नाही'. अरे देवा! म्हणजे पंपाला सगळं ऐकू जात होतं, पण ओळ संपल्याची खूणच मी पाठवत नव्हतो, आणि तो शहाणा समजत होता की काकांचं अजून बोलायचं राहिलंय, मधे कशाला तोंड घाला! केलं तिथं 'नवीन ओळ', धाडलं स्टार्ट, तर उत्तर आलं, 'हुकूम समजला नाही'. कसा समजेल? आधीचे सगळे स्टार्ट एका दमात ऐकले ना त्यानं! पुन्हा एकदा धाडलं, शांतपणे, एकच. आणि... टप्. पडला थेंब! माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो!

साहेब छाती फुगवून पाहुण्यांना म्हणतात, "बघा! आता इथं माणसाची गरजच नाही." आणि ऐटीत गर्रकन वळले, ती वायर बुटात अडकून निघाली. पंप गप्प. पडद्यावर 'पोर्ट सापडलं नाही'. साहेबांनी पडदा थोपटला, डबा थोपटला, घाम पुसला, माझ्याकडे बघितलं. मीही सावकाश, लोण्यासारख्या आवाजात विचारलं, "साहेब... वायर नीट खोचलीये ना?"

भांडार टळलं. हुकूम निघाला, वायरीशेजारी स्टूल टाकून कायम एक जबाबदार माणूस बसवावा. तो जबाबदार माणूस मी! सव्वीस वर्षांचा अनुभव, आणि काम काय, तर कुणाचा पाय लागत नाही ना ते बघायचं.

हे सगळं संध्याकाळी बायकोला सांगितलं, असंच, उभ्या उभ्या, पोर्टापासून बुटापर्यंत, आणि ती आपली कपड्यांच्या घड्या घालतेय, हूं नाही की चूं नाही. शेवटी म्हटलं, "अगं, ऐकतेयस ना? काहीतरी बोल की!"

तर म्हणते, "बोलते ना. तुमची ओळ संपू दे आधी."

...संपवली.