चालू डिस्कचं उघडं दार

आवं, पण मला एवढंच सांगा, कुलूप नेमकं हाय कुठं? दुकानदार म्हनलावता, "मृत्युंजयराव, ह्या डिस्कमधल्या चिपातच कुलूप हाय, पासवर्डबिगर जन्मात उघडायची न्हाय!" मी खूश! शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीच्या साच्यांची ड्रॉइंगं काढायचा आपला धंदा, एक ड्रॉइंग बाहेर गेलं की गिऱ्हाईक गेलं... घेतली डिस्क, भरली सगळी ड्रॉइंगं, टाकला पासवर्ड, आन् कम्प्युटर चार म्हैनं बंदच केला न्हाय! कशाला करायचा? लाईट गेली तरी इन्व्हर्टर हाय की! आन् पासवर्ड लागतोय फकस्त सुरू करताना... मग ध्यानात ऱ्हातोय व्हय?

तुमास्नी सांगतो, बुधवारी सकाळी कम्प्युटर गोठला. माऊस हलंना, कायच हलंना! इन्व्हर्टर टीं टीं वरडाय लागलं, बॅटरी बसलीया. अकराला लोडशेडिंग, दुपारी बेळगावची पार्टी ड्रॉइंगं न्यायला येणार, वर्षाची ड्रॉइंगं आत! लाईट गेली की डिस्क पासवर्ड मागणार, आन् माझं डोस्कं... कोरं! बायकोला फोन केला, "विद्याश्री, माझा पासवर्ड काय गं?" तर म्हनती, "मला कवा सांगितलासा?" व्हय की! तिच्यापासनंच तर लपवलावता!

मग गडमुडशिंगीच्या शिवानीला बोलावलं, कम्प्युटर दुरुस्त करती. साडेधाला स्कुटीवर आली. "काका, कशालाच हात लावू नका." कम्प्युटरचा डबा उघडला. डिस्कला दोन वायरी, एक विजेची, एक माहितीची. विजेची तशीच ठेवली, दुसरी उपसून आपल्या लॅपटॉपला जोडली आन्... माझी ड्रॉइंगं! सगळी!

"पासवर्ड?"

"विचारलाच नाही की डिस्कनं."

आवं, मग कुलूप हाय कुठं? ड्रॉइंगं वाचायलीत ते ऱ्हायलं बाजूला, मी शिवानीच्याच मागं लागलो. "आसं कसं गं?"

"काका, तुम्ही चार महिन्यांमागं पासवर्ड दिला, तिनं दार उघडलं. वीज जात नाही तोवर उघडंच. समोर कोण आलंय, ती बघत नाही."

"म्हंजे चोरानं तुझ्यागत वायर काढली तर?"

"त्यालाबी ड्रॉइंगं."

"आन् स्क्रीनला पासवर्ड लावला तर?"

"ते विंडोजचं कुलूप. डिस्कला त्याचं काय?"

ऐकलासा? म्हंजे चोरापायी लावलेलं कुलूप, तेनं आडवलं कुणाला? मला! मालकाला!

अकराला तीन मिनिटं कमी असताना शेवटचं ड्रॉइंग निघालं. आन् लाईट गेली! शिवानी म्हनली, "काका, डिस्क पुसून कोरी करून देते, नवा पासवर्ड टाका, आन् घरी जाताना रोज बंद करा. बंद असली की खरंच कुणाला उघडत नाही."

करतो की! रोज सांजचं बंद, रोज सकाळी पासवर्ड. एका बोटानं, एकेक अक्षर तोंडानं म्हनत... सवयच हाय वो! परवा दोनदा चुकला, डिस्क काय ऐकंना. तर शेजारच्या शेडातला आकाराम, साचे भरणारा मोल्डर हाय, तो पत्र्यापलीकडनं वरडला, "दाजी, साताम्होरं नऊ हाय, आठ न्हवं!"

...आता काय करता? चुकला की त्यालाच इचारतो.