मीठ किती टाकलं?

आई : आणि ही खोकी कसली? ऑफिस उचलून घरी आणलंस की काय?

मुलगा : तसंच समज. कप, टेबलावरचा दिवा, जुना स्वेटर. सोडली नोकरी.

आई : सोडली म्हणजे?

मुलगा : म्हणजे सोडली. पहाटे आमच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंना मेल पाठवली. आलेख जोडला आणि खाली लिहिलं, शोधनिबंधावरून माझं नाव काढा, मी परत येत नाही. सकाळी कोणी यायच्या आत जाऊन सामान उचललं.

आई : खाली बस आधी. तोंड पांढरंफटक पडलंय. काही खाल्लंयस?

मुलगा : आई, मी पेशंट नाही.

आई : अख्खा जन्म वॉर्डात गेला माझा. असं म्हणणारे सगळे पेशंटच असायचे. हे मटार घे. हात चालू लागले की तोंडही चालेल.

मुलगा : आमची टाकी माहितीये ना तुला?

आई : खाणीच्या तळाशी पुरून ठेवलेली. तिच्यावर काहीतरी आपटायची वाट बघता तुम्ही. शेजारणीला एवढंच सांगते, पुढचं मला येत नाही.

मुलगा : पुढचं असं, की या विश्वातलं बहुतेक वजन आपल्याला दिसतच नाही. तू, मी, हे टेबल, सगळे तारे, सगळं एकत्र केलं तरी ते थोडंसंच. बाकीचं काय आहे, कोणालाही ठाऊक नाही. पण आहे ते सगळीकडे. आत्ता या भिंतीतून येतंय, तुझ्यातून आरपार जातंय...

आई : माझ्यातून? मला न विचारता?

मुलगा : कोणालाच विचारत नाही. कशाला धक्का लावत नाही, म्हणून तर सापडत नाही. पण कधीतरी, चुकून, त्यातला एखादा कण आमच्या टाकीतल्या द्रवावर आपटला, तर आत बारीकसा उजेड पडेल. इतका बारीक की काजवा त्यापुढे सूर्य.

आई : आणि तो काही पडला नाही.

मुलगा : पडला! काल दुपारी मला असे उजेड सापडले. सगळे एका जागी गोळा झालेले. जिथे असायला हवेत, नेमके तिथेच.

आई : मग पोरा, हे तोंड कशासाठी?

मुलगा : कारण ते मीठ आहे.

आई : टाकीत मीठ?

मुलगा : टाकीत नाही, आकड्यांत. आमच्याकडे दोन माणसं नेमतात. ती गुपचूप खोटे उजेड आकड्यांत मिसळून देतात. त्याला आम्ही मीठ म्हणतो. आम्हाला खऱ्यातलं खोटं कळतं, की आम्ही हवं तेच बघतो, ते तपासायला. किती टाकलं ते त्या दोघांनाच ठाऊक. शेवटी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगतात. ती मीटिंग आत्ता चालू आहे.

आई : मागच्या वेळी हेच झालं होतं ना? सगळ्या बिल्डिंगमध्ये गोड वाटून आला होतास.

मुलगा : आणि आठवड्याने सगळं मीठ निघालं. तळमजल्यावरचे काका अजून विचारतात लिफ्टमध्ये, काय, सापडलं का तुमचं विश्व?

आई : तेव्हा महिनाभर अंथरूण सोडलं नव्हतंस. पण या वेळीही मीठच, हे तुला कोणी सांगितलं? मीटिंग तर अजून चालू आहे म्हणतोस.

मुलगा : या वेळची मिठाची माणसं कोण, माहितीये? एक तो वरच्या मजल्यावरचा दाढीवाला. आणि दुसरी तुझी सून.

आई : आपली? आणि घरात कधी बोलली नाही?

मुलगा : म्हणून तर तिला नेमली. मोठ्या बाई म्हणाल्या, हिच्या पोटातून शब्द काढायचा तर ऑपरेशन करावं लागेल.

आई : मग?

मुलगा : काल तू झोपल्यावर मी तिला सांगितलं, मला काहीतरी दिसतंय. ती ताटं पुसत होती. हातातलं ताट पडलं तिच्या. चेहरा उतरला. मग रात्री माझा हात धरून झोपली. आई, ती हात धरून झोपणाऱ्यांतली बाई आहे का? कीव आली तिला माझी. आणखी काय पुरावा हवा? पुन्हा सगळ्यांसमोर उभं राहून ते ऐकायची ताकद नाही माझ्यात. गावातल्या कॉलेजात शिकवीन. मुलांना उतारावरून चेंडू सोडायला सांगीन. चेंडू खाली येतो. दर वेळी येतो.

आई : थांब, दार वाजलं. तीच असेल. या वेळेला?

सून : तुझा फोन का बंद आहे?

मुलगा : ये. संपली मीटिंग? हसले का फार?

सून : कोणी हसलं नाही. आई, पाणी द्याल?

आई : आधी बस. तुम्हाला दोघांना झालंय काय आज?

मुलगा : सांगून टाक. मीठ किती टाकलं होतंस?

सून : काहीच नाही.

मुलगा : मी चिडणार नाही. आकडा सांग.

सून : शून्य. या वेळी आम्ही मीठ टाकलंच नव्हतं. कधी कधी मुद्दाम टाकत नाहीत. नाहीतर तुम्ही लोक धरून चालाल की असणारच.

मुलगा : थट्टा करू नकोस.

सून : मी थट्टा कधी करते?

आई : नाही रे, ती थट्टा करत नाही. सुरुवातीला मला त्याचीच काळजी वाटायची.

मुलगा : मग ते माझे उजेड...

सून : ते आपल्यापैकी कोणी टाकलेले नाहीत. आज एवढंच म्हणता येतं. खडकातून काही झिरपत असेल. टाकीच्या भिंतीत काही असेल. पण आपण टाकलेले नाहीत.

मुलगा : आई, मला ऐकू येईनासं झालंय.

आई : डोकं खाली घाल. गुडघ्यांत. हं, आता सावकाश श्वास घे. ताट ठेव बाजूला, सांडतील मटार.

मुलगा : ते आहे. अगं, ते आहे!

सून : आहे म्हणू नकोस अजून.

मुलगा : मग काय म्हणू?

सून : माहीत नाही. तिथेही कोणाला माहीत नव्हतं. मोठ्या बाईंनी विचारलं, मीठ किती? दाढीवाला म्हणाला, शून्य. मी म्हणाले, शून्य. बाई उभ्या राहिल्या, खाली बसल्या, परत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, ज्याने हे शोधलं तो माणूस कुठे आहे?

आई : तो माणूस इथे मटार सोलत होता.

मुलगा : पण तुझ्या हातून ताट पडलं होतं!

सून : पडणार नाही? मीठ नाही हे मला माहीत होतं. आणि तू समोर बसून म्हणालास, सापडलं.

मुलगा : आणि रात्री हात धरलास.

सून : घाबरले होते म्हणून धरला. इतका काळ आकड्यांसमोर डोळ्यांवर पट्टी बांधून बसलास. स्वतःच्या मनाचं काही त्यात मिसळू दिलं नाहीस. आणि शेवटचा निकाल कशावरून लावलास? बायकोच्या तोंडावरून.

आई : तोही चुकीचा.

मुलगा : माझी मेल वाचली असेल ना बाईंनी?

सून : मला बाजूला घेऊन म्हणाल्या, आलेख बघितला, खालचं काही वाचलं नाही, असलं मी संध्याकाळी वाचते. चार वाजता बोलावलंय तुला. आता वर्षभर हे खोटं पाडायचा प्रयत्न करायचा. त्याला असा माणूस हवा, म्हणाल्या, ज्याचा स्वतःवर सगळ्यात कमी विश्वास आहे.

मुलगा : खोटं निघालं तर काय करायचं, ते येत होतं मला. खोकी भरली होती. खरं असलं तर काय करायचं, हे कोणी शिकवलंच नाही.

आई : आधी शर्ट बदल. तिथून सुरुवात कर. आणि तो स्वेटर परत घेऊन जा, घरात जागा नाही.

मुलगा : जातो. जातो मी.

आई : आणि तू गं? म्हणजे तुला कालच कळलं होतं.

सून : हो.

आई : त्या दाढीवाल्यालाही?

सून : त्याला मीठ नाही हे ठाऊक होतं, पण याला काही सापडलंय हे नव्हतं. याला सापडलं होतं, पण मीठ नाही हे ठाऊक नव्हतं. दोन्ही फक्त मला. काल रात्री, अख्ख्या जगात, एकटीला.

मुलगा : मला उठवायचंस ना.

सून : उठवलं असतं तर तुझ्या शोधाला काही अर्थ उरला नसता. पहाटे जरा डोळा लागला माझा, तेवढ्यात तू ती मेल पाठवून बसलास.

आई : तोवर काय केलंस?

सून : छताकडे बघत पडले होते. वाटत होतं, आत्ता वरून येतंय, आमच्यातून जातंय, खाली जमिनीत जातंय. तुम्ही पलीकडच्या खोलीत खोकत होतात. तुमच्यातूनही. आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही.

(सोललेला एक दाणा टेबलावरून घरंगळून खाली पडतो. कोणी उचलत नाही.)

आई : मला उठवायचंस. मला त्यातलं काही कळलं नसतं. पण तुझ्यासोबत जागी राहिले असते.