बाबांनी लावलेला कौल

हसायचं तर हसा, पण बाबांच्या पेसमेकरचा विषय निघाला की मला अजून मान वर करता येत नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टर आम्हाला समजावत होते. "तार हृदयापर्यंत न्यायला दोन वाटा आहेत. गळ्याजवळच्या हाडाखाली सुई टोचून शीर पकडायची. ते झटपट होतं, पण क्वचित फुप्फुसाला लागू शकतं. नाहीतर खांद्याजवळ छेद घेऊन, शीर डोळ्यांनी बघून तार घालायची. त्याला वेळ लागतो."

मी लगेच म्हटलं, "झटपटवालंच करा ना!"

तेवढ्यात आई बोलून गेली, "ह्येंनी काल आचऱ्याक देवळात कौल लावून घेतल्यानी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सारवासारव केली, "देवाच्या पाषाणाला पाकळ्या चिकटवतात, डॉक्टर. उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. आता सुई की छेद, हेसुद्धा देवच सांगणार!" आणि मोठ्याने हसलो.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी बाबांनाच विचारलं, "काय म्हणाला देव?"

"शीर खंयची ता तुमी बघतलास, त्येका देवाक कित्याक त्रास?" बाबा खाली बघत म्हणाले. "ह्यो माझो झील ऑपरेशनानंतर चार दिस माझ्याकडे रवतलो काय, इतक्याच इचारलंय."

"मग?"

"पाकळी पडाकच नाय."

ऑपरेशनच्याच दिवशी संध्याकाळच्या पुण्याच्या गाडीचं तिकीट मी काढून ठेवलंय, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.