कंसातलं गाव

सारजाबाई : आन सकाळधरनं एकबी फोन न्हाई? निम्मं चौसाळा तर त्या मोबाइलातच तोंड घालून बसलेलं असतंय!

तेजश्री : मावशी, गावाच्या पानावर मी टाकलंय ना. ‘आमचे मुंजाजी काका हरवलेत, फोटो इथे बघा.’ खाली तुमचा नंबर. पार बीडपर्यंत पुढं गेलंय.

सारजाबाई : मग कुणी बोलंना कावून? माणूस हरवलाय, शेरडू न्हाई.

तेजश्री : थांबा, मीच ‘फोटो इथे बघा’ दाबून बघते... अगं बाई.

सारजाबाई : काय दिसलं? सांग की, जीव घेती का माजा?

तेजश्री : काहीच नाही दिसलं. ‘हे पान सापडत नाही’ म्हणतंय. फोटो कुणाकडेच उघडला नाही, मावशी.

सारजाबाई : आगं, आन मी बसल्या जागी समद्या गावाला शिव्या घातल्या!

तेजश्री : फोटोला नाव काय दिलं होतं आपण? हं. मुंजाजी, आणि पुढं कंसात काकांचं मूळ गाव, चकलांबा. तुम्हीच हट्ट धरला होता.

सारजाबाई : मग? लग्नपत्रिकेत न्हाई का टाकत? हितं गिरणीवाला मुंजाजी हाय. गाव न्हाई टाकलं तर त्यालाच धरून आणत्याल माज्या दारात.

तेजश्री : निदान गिरण तरी मिळेल.

सारजाबाई : तेजे, मस्करी नको.

तेजश्री : चुकलं. ऐका, या पानावर दाबायचे शब्द चौकोनी कंसात लिहायचे आणि फोटोचा पत्ता लगेच गोल कंसात. पत्त्यात फोटोचं नाव येतं, आणि त्यात तुमचं गाव पण गोल कंसात. त्याचा कंस बंद झाला, की मशीनला वाटतं पत्ताच संपला. पुढचं तुटतं.

सारजाबाई : म्हंजी निम्मी मेंढरं भाईर आन ह्यो जाळी बांधून मोकळा.

तेजश्री : तसंच. फोटोचं नाव बदलावं तर तो तुमच्या लेकाच्या, हनुमानच्या कॉम्प्युटरवर. आणि हनुमान मोटारसायकलवर काकांनाच शोधतोय, फोन उचलत नाही.

सारजाबाई : गाव काढू नकोच. ह्यांला आता सोताचं नाव आठवंना. गाव तेवढं ऱ्हायलंय डोक्यात.

तेजश्री : नाही काढत. नावातल्या कंसांच्या आधी एकेक तिरपी रेघ देते. म्हणजे मशीनला कळेल, हा कंस नावातलाच आहे, इथं थांबायचं नाही.

सारजाबाई : दे की मग लवकर. दिवस कलला.

तेजश्री : दिली... नाही उघडत.

सारजाबाई : देवा.

तेजश्री : रेघ सुलटी पडली. उलटी पाहिजे. हां... बघा. आले काका!

सारजाबाई : आन ज्यांच्याकडं आदीच गेलंय, त्यांचं?

तेजश्री : त्यांच्याकडं या पानाचाच पत्ता गेलाय. इथं दुरुस्त झालं, की आता दाबेल त्याला दिसेल.

सारजाबाई : कुणी परत दाबंल का पण?

(काही वेळाने फोन वाजतो.)

सारजाबाई : तू घे... न्हाई, दे हिकडं. कोण?

फोनवरचा माणूस : मी बंकट, धारूरच्या स्टँडवर चहाचा गाडा हाय माजा. मघाशी फोटो उघडंना, आत्ता उघडला. घोंगडीवालं एक बाबा हितं बसल्यात. तसंच दिसत्यात. पर नाव इचारलं, की नुस्तं बघत्यात.

सारजाबाई : नाव ऱ्हाऊ द्या. गाव इचारा.

बंकट : बाबा, गाव कंचं तुमचं?... चकलांबा म्हणत्यात.

सारजाबाई : चहा द्या त्यांला. बशीत वतून द्या, कपानं तोंड भाजतंय त्यांचं. मी निघालेच.