गोव्याच्या बोटीवर खिमा पॅटिस

वाशीच्या बसथांब्यावर सुनीती रांगेत उभी होती. तिच्या मागे तिचे वडील मधुकर आणि त्यांचे जुने मित्र बंडूकाका. आई गेल्यापासून बाबा घरात जेमतेम बोलत. मागून बंडूकाकांचा आवाज आला, तरी तिने मान वळवली नाही; नुसतं ऐकत राहिली.

“मध्या, या वेळी बोटीत एका जागी बसून प्यायचं नाही. पहिला पेग डेकवर, दुसरा नंदूच्या केबिनमध्ये, तिसरा माझ्या. सगळ्या गँगने फिरत राहायचं.”

“तुम्ही जा. मला नको.”

“चौथा तुझ्या केबिनमध्ये धरलाय.”

“चौथ्याला नंदू जिना चढेल? माझी केबिन आधी घे.”

“घेतली! म्हणजे येतोस?”

“बंड्या, दर ट्रिपला पॅटिस ती करून द्यायची.”

“माहीत आहे रे. या वेळी आमची ही करेल.”

“नको. मागच्या खेपेला वहिनींचे लाडू मी समुद्रात टाकले होते.”

“मीपण. मग वेफर्स?”

“वेफर्सवर पिणार? लाज वाटत नाही? मी करतो पॅटिस.”

“तू? चहा तरी येतो का तुला?”

“इतकी वर्षं तिच्या बाजूला उभा राहून चाखलेत.”

“आणि जळले तर?”

“जळले तरी खायचे. आणि छान झालेत म्हणायचं.”