नव्या व्हर्जनमध्ये जुनी हजेरी

हॅलो? … हॅलो! … हो, पांढुर्णाच, सहकारी संघाचं ऑफिस… सौंसरहून? जोडा, जोडा लवकर, ऑपरेटर दादा…

उषाताई? … मी रजनी बोलून राहिली. रजनी! तुमच्या खुर्चीवर मागच्या दिवाळीनंतर आली ना, तीच. … हो, कंडक्टरजवळ निरोप मीच पाठवला होता. … नाही हो, तुमच्यावर कोणी काही आळ नाही घेतला! कापडाच्या दुकानातूनच बोलून राहिल्या ना? मालक बोलू देते? … मंग बरं आहे.

ताई, मी मेली. … मेलीच समजा. कॉम्प्युटरातली हजेरी उघडून नाही राहिली. … नाही, लाइट आहे. मशीन चालू आहे. काल नागपूरचा इंजिनियर आला अन् त्यानं नवीन व्हर्जन टाकलं. म्हणे जुन्यापेक्षा लय चांगलं आहे, फास्ट आहे. डिस्कवर जागा नव्हती तं म्हणे, जुनं पुसून टाकू का? … अन् मी म्हटलं, पुसा. … हो ताई. मीच म्हटलं. 'हो'चं बटन बी मीच दाबलं.

सेटिंग आपोआप येते म्हणे नव्यात! काही आपोआप नाही आलं. तो गेला पाचच्या पॅसेंजरनं, अन् आज सकाळी हे नवं व्हर्जन मलेच विचारून राहिलं, तुमची फाईल कुठं आहे, कोणत्या नावाची आहे, कशाले जोडायची आहे, पासवर्ड काय आहे… जुन्यात तं तुम्ही गेल्यावर इंजिनियरनं पासवर्ड बसवूनच टाकला होता, मले कधी टाकावाच नाही लागला! जसं काही मी आजच पांढुर्ण्यात आली! … केला ना फोन नागपूरले. तो इंजिनियर टूरवर आहे म्हणते. अन् तिथला दुसरा म्हणते, जुनं पुसायच्या आधी सेटिंग काढून ठेवायची असते, मॅडम. बैल गेला अन् झोपा केला.

काय? … कॅलेंडर? … हो, मले माहीत आहे ताई. तुम्ही जाताना दाखवलं होतं, मागच्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठीमागे सगळं लिहून ठेवलं आहे म्हणून. …

आता कसं सांगू तुम्हाले.

मी ते घरी नेलं. … काहून म्हणजे? जाड, गुळगुळीत कागद होता. शाळा सुरू झाली, पोरीच्या पुस्तकाले कव्हर घालायचे होते. सगळेच घालतात! एका कागदावर दोन महिने, असे सहा कागद, तिसरीचे पुस्तकं… मी पाठीमागे पाहिलंच नाही हो. चित्र वरतून दिसलं पाहिजे म्हणून लिहिलेली बाजू आत टाकली अन् त्यालेच खळ लावली. … हो, गव्हाच्या पिठाची. घट्ट केली होती, पोरगी धसमुसळी आहे म्हणून.

हसा, हसा तुम्ही. … नाही, मले राग नाही आला. मीच सकाळपासून रडून राहिली.

गेली ना शाळेत! पोरीच्या बाईसमोर दप्तर उलटं केलं. गणिताच्या पुस्तकाचं निघालं. फाईलचे नावं आहेत, कुठं ठेवल्या ते आहे, कोणती कशाले जोडायची ते बी आहे. ते सगळं टाकलं मी. अन् नेमकं पासवर्डापाशी घोडं पेंड खाते! तिथला कागद पुठ्ठ्याले चिकटून राहिला. फक्त पहिलं अक्षर आहे. के. पुढचं गेलं. … भिजवून पाहिलं. पुठ्ठाच विरघळला.

अन् दोनदा अंदाजानं टाकून पाहिलं मी. चुकलं. आता एकच वेळ बाकी आहे, तिसऱ्यांदा चुकलं की फाईल कायमची बंद.

एक मिनिट ताई… काय साहेब? … हो, सौंसरचाच फोन आहे. … हो, चारच्या आत. … हो साहेब.

गेले. … अहो, आज काय घाई म्हणजे? छिंदवाड्याहून जीप आली आहे. डेलीवेजवाल्यांची यादी पाच वाजता घेऊन जाते. ज्याचे तीन वर्षं, दर वर्षी दोनशे चाळीस दिवस भरले, तो परमनंट. आज ज्याचं नाव नाही गेलं, त्याचं गेलंच समजा. अन् दिवस कुठून दाखवू? जुने हजेरीचे मस्टर उदई लागून मातीच झाले, तुम्हाले माहीतच आहे. जे आहे ते या डब्यात. तेवीस माणसं आहेत, ताई! वत्सलाबाई सकाळपासून तीनदा झाडू मारून गेली. हिरामण समोरच उभा आहे, अकरा वर्षं झाले त्याले, पुढच्या महिन्यात वयात नाही बसत. नुसता पाण्याचा गिलास आणून ठेवते. पाच गिलास झाले.

आठवा ना ताई. … काहीच नाही? शब्द नव्हताच का तो? … हो, त्या इंजिनियरनंच दिला असन, कशाचा अर्थ ना बोध. पण चार वर्षं रोज सकाळी टाकत होत्या तुम्ही… डोळे मिटून? न पाहता?

ताई, आयका. आयका ना. तुमच्यासमोर काऊंटर आहे ना? कापड बाजूले सरकवा. रिसीव्हर मानेत धरा. अन् दोन्ही हात ठेवा, टायपिंगले ठेवतो तसे. … लोक पाहतात तं पाहू द्या! डोकं विसरते, बोटं नाही विसरत. समजा सकाळचे साडेदहा वाजले, तुम्ही येऊन बसल्या, अन् मारा. मले फक्त सांगा, कोणतं बोट कुठं गेलं.

… उजवा हात, मधलं बोट, मधली ओळ. के! बरोबर! के आहे! … पुढं. … डावा, अंगठ्याजवळचं, वरची ओळ. सरळ वर का आत सरकून? … पुन्हा मारा. … सरळ. म्हणजे आर. … पुढं?

ताई? … थांबल्या काहून? … हॅलो?

…

काय म्हटलं तुम्ही?

… हो. आहे. तुमचं बी नाव आहे. मधातून काढलेले धरूनच यादी मागितली आहे. … मले परवाच माहीत झालं, चिठ्ठी मीच टाईप केली. … नाही सांगितलं. कशी सांगू? कॉम्प्युटर ऑपरेटरची जागा एकच आहे ताई. तुमचे चार वर्षं आहेत अन् माझे नऊ महिने. हे उघडलं की तुम्ही आत अन् मी घरी.

… खोटं कशाले बोलू? आज दोनदा वाटलं मले, राहू द्यावं बंदच. इंजिनियरवर ढकलून द्यावं. माझ्या पोरीले माझ्याशिवाय कोणी नाही. … तेव्हा? तुम्हाले काढून मले घेतलं तेव्हा, साहेबाची ओळख होती आमची. मले माहीत नव्हतं म्हणणार होती, पण माहीत होतं. रोज तुमच्या खुर्चीवर बसते अन् रोज आठवते. …

शिव्या द्यायच्या तं द्या. फोन ठेवू नका फक्त. हिरामणकडे पाहवत नाही हो मले.

… हो. … हो, बोला. … उजवा, अंगठ्याजवळचं, आकड्याची ओळ. सात. … डावा, अंगठीचं बोट, वरची. डब्ल्यू. … उजवा, अंगठ्याजवळचंच, खालची ओळ, आत सरकून. एन. … बस? पाचच? मंग अंगठ्यानं काही? … मंग सरळ एंटर.

के, आर, सात, डब्ल्यू, एन. पक्कं ना? … नाही, मी भिऊन राहिली. तुम्ही तिथं मारा काऊंटरवर, मी इथं मारते, संगंसंगं.

…

उघडली.

उघडली ताई! नावं येऊन राहिले… हिरामण, इकडे ये! हे पाय, हे तुझं नाव… अकरावं. दोनशे सत्त्याऐंशी, दोनशे ब्याण्णव… अरे, पाया काय पडतो! ऊठ… ताई, तो खालीच बसला. …

तुमचं? हे काय, आहे ना. तीन वर्षं पूर्ण, वरतून चौथं बी. … मी एक आकडा इकडचा तिकडे नाही करत. तुम्ही अडीचची बस धरा, पाचच्या आत तुमची सही पाहिजे. … माझं काय? पाहीन मी कुठं. … नाही, रडून नाही राहिली.

थांबा, हे व्हर्जन अजून काही विचारून राहिलं… नवीन पासवर्ड टाका म्हणते.

… नाही ताई, मी नाही टाकत. तुम्ही या अन् तुम्हीच टाका. अन् मले सांगू नका. … ठेवते.