तेलातला फेस

(जुन्नर. वजीरभाईंचं गॅरेज, दुपार. डिंभ्याहून आणलेली जुनी जीप, बॉनेट उघडं.)

सुदर्शन : वजीरभाई, उगाच वेळ घालवताय. आधीच्या मेकॅनिकनं सांगितलंय, स्टिअरिंगचा पंप गेला. या मॉडेलचा आता मिळतही नाही.

अंजना : त्यानं बॉनेट तरी उघडलं व्हतं का? नुसता आवाज ऐकला आन् म्हणला पंप.

सुदर्शन : आई, सोमवारी वळणावर गाडी रस्त्याकडेच्या चारीत गेली. मागं मंगलमावशी होती. भंगारवाला आज बघायला येतोय. मी शब्द दिलाय त्याला.

अंजना : गाडी माझ्या नावावर हाय. शब्द तुझा.

वजीर : ताई, वळणावर नक्की काय झालं ते सांगा.

अंजना : हळूच व्हते मी. मधीच स्टिअरिंग जाम जड झालं. दोन्ही हातानं वढलं, पर ह्यो डावा खांदा मोडल्यापासून त्यात जोर न्हाई. पावर स्टिअरिंग हाय म्हणून तर चालवते.

वजीर : कायमच जड, का मधूनमधून?

अंजना : मधूनमधून. आन् वळवताना कण्हल्यावानी आवाज येतो.

वजीर : पंपाचा पट्टा तर नीट ताणलेलाय. सुदर्शनभाऊ, खाली तेल गळतं का?

सुदर्शन : थेंबभर पण नाही. म्हणून तर पंप म्हणाला तो.

वजीर : गाडी चालू करा. स्टिअरिंगच्या तेलाच्या डबीचं झाकण काढतो… या इकडं. काय दिसतं?

सुदर्शन : फेस आलाय.

वजीर : हां. तेलात हवा घुसतीय. पंपाला तेलाच्या जागी हवा मिळाली, तर जोर कुठनं देणार तो? कण्हणारच.

अंजना : पर हवा शिरती कुठनं?

वजीर : हा डबीपासून पंपापर्यंतचा पाईप बघा. ह्यातनं पंप तेल ओढून घेतो. चीर पडली तर तेल बाहेर येत नाय, हवाच आत ओढली जाते. करा बंद इंजिन. जरा वाकवून बघतो… ही बघा. क्लिपच्या खालीच चिरलाय.

सुदर्शन : म्हणजे पंप चांगला आहे?

वजीर : ते आत्ता नाय सांगणार. हवेवर चालून खराब झाला पण असंल. आधी पाईप बदलू, तेल नवं भरू.

सुदर्शन : आई, त्या भंगारवाल्याचा फोन येतोय. निघाला असेल.

अंजना : येऊ दे. सुदर्शन, खरं सांग. तुला भ्या गाडीचं वाटतंय का माझं?

सुदर्शन : तुझं. मी तिकडं चाकणला शिफ्टमध्ये. तुझ्या नंबरवरून फोन आला की हातातलं काम टाकून बाहेर पळतो. सोमवारी तर दुसऱ्याच कुणाचा आवाज होता फोनवर.

अंजना : मग तसं बोलायचं. भंगार कशाला म्हणतोस? मंगलला डायलिसिसला मंचरला न्यावं लागतं, एसटीचा काय नेम न्हाई. मला घरी बसवशील. तिला कुठं बसवशील?

वजीर : पाईप बसला. पुढची चाकं जॅकवर घेतलीत. ताई, इंजिन बंदच ठेवा. स्टिअरिंग ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, सावकाश. हवा निघून जाऊ द्या.

सुदर्शन : मी फिरवतो. तिचा खांदा…

अंजना : सरक तू. चालवणार मी, तर फिरवणार बी मीच.

वजीर : बुडबुडे येतायत… फिरवत राहा… तेल खाली गेलं, अजून टाकतो. दुखतंय का, ताई?

अंजना : दुखतंय. तुमी तेल टाका.

वजीर : थांबले बुडबुडे. आता स्टार्टर मारा. टोकाला नेऊन दाबून धरू नका फक्त.

अंजना : आवाज गेला! एका हातानं फिरतंय, वजीरभाई!

वजीर : एवढ्यात खूश नका होऊ. चाकं अजून हवेत आहेत. जॅक उतरवतो, गाडीचं वजन येऊ द्या… हां. आता वळवा.

अंजना : जड लागतंय… न्हाई, थांबा. आलं. हलकं आलं! डावीकडं… उजवीकडं… दोन्हीकडं!

वजीर : अल्लाची मेहेर. पंप चांगला निघाला. आठ दिवस रोज डबी बघा, ताई. फेस दिसला तर तशीच चालवू नका, मला फोन करा.

अंजना : करते. सुदर्शन, तू फिरवून बघ. माझ्या शब्दावर नको राहू.

सुदर्शन : हो. उतर जरा… खरंच की. एका बोटानं वळतंय… हॅलो, भाऊ? हां, येऊ नका. गाडी द्यायची नाही. नाही, दुसरीकडं नाही दिली. आईची गाडी आहे ती.

अंजना : चल मग. डिंभ्याला पोचायला उशीर होईल. तू घेतोस का मी घेऊ?

सुदर्शन : तूच घे. मी शेजारी बसतो.